गृहकला : खिडकीवरील रंगीत काच

सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांत दारांच्या व खिडक्यांच्या माथ्यावर निळ्या, तांबड्या, हिरव्या काचा अजूनहि कोठें कोठें दिसतात. त्यांतील एखादी फुटली कीं पुठ्ठा लावून भोंक बुजवितात, नाहींतर सगळी चौकटच भंगारांत जाते. ही हानि टाळतां येईल काय, याचा आम्ही या खेपेस विचार करणार आहों.

खऱ्या रंगीत काचेस रंग बाहेरून दिलेला नसतो. वाळू, सोडा व चुना भट्टींत वितळत असतांनाच त्यांत धातूंचे क्षार मिसळतात. कोबाल्टनें गडद निळा, लोहानें हिरवट, मँगनीजनें जांभळा आणि सुवर्णाच्या अत्यल्प अंशानें माणकासारखा तांबडा रंग येतो. ही विद्या आपल्या प्रांतास परकी नव्हे. कऱ्हाडाजवळ, तेव्हांच्या औंध संस्थानांत, १९१६ सालीं ओगलेबंधूंनीं काचेचा कारखाना काढला. घरोघरचा ‘प्रभाकर’ कंदील तेथलाच. आज सांगली जिल्ह्यांत असलेली किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली, तीहि याच संस्थानाच्या आश्रयानें. ओगल्यांची भट्टी पुढें विझली. ओगलेवाडी हें नांव मात्र राहिलें.

भट्टीचें काम घरीं होणारें नव्हे; पण साध्या काचेवर पारदर्शक रंग चढवितां येतो. काच साबणानें धुऊन स्पिरिटानें पुसावी व पुढें कडांनींच धरावी. बोटाचा तेलकट डाग राहिल्यास रंग धरत नाहीं. नक्षीचा कागद खालीं ठेवून काचरंगाच्या नळीनें उठावाची रेघ काढावी. ती पुरती वाळल्यावर सपाट ठेवलेल्या काचेवर प्रत्येक घरांत रंग कुंचल्यानें सोडावा. घासूं नये, आपोआप पसरूं द्यावा. एक दिवस धूळ न लागेल अशा जागीं झांकून ठेवावी.

या रंगास भट्टीच्या काचेची सर नाहीं. उन्हापावसानें तो विटतो. म्हणून रंगविलेली बाजू घराच्या आंत करावी. खाण्यापिण्याच्या भांड्यांस हे रंग लावूं नयेत. जुनी काच शिशाच्या पट्ट्यांत बसविलेली असल्यास ती मुलांच्या हातीं देऊं नये. शिसें विषारी आहे.

शाबूत काचेस हात न लावतां फुटलेलीच बदलावी, आणि तिचे तुकडे डब्यांत जपावेत. पुढें रंग जुळवितांना वडिलांच्या वेळच्या त्या तुकड्याइतका खरा नमुना बाजारांत मिळणार नाहीं.