पीएच.डी.चा प्रगती अहवाल : पोच कुठे आहे?



मागच्या महिन्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या दाराची कडी वाजली. नुकतेच जेवण आटोपून आम्ही हात धुतले होते. दारात आमच्या वस्तीतले एक वडीलधारे गृहस्थ उभे होते. एसटीच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले, त्याला आता चार वर्षे झाली. त्यांच्यामागे त्यांची मुलगी उभी होती. ती आम्हांला काका म्हणते. तिचे बारावीनंतरचे फॉर्म आम्हीच भरून दिलेले, जात पडताळणीच्या वेळी तिच्या वडिलांबरोबर चकराही मारलेल्या. आता ती अर्थशास्त्रात पीएच.डी. करते आहे. आपल्या गल्लीतून त्या पायरीपर्यंत गेलेली ती पहिलीच. विषयही आपल्यातलाच, धुणीभांडी करणाऱ्या बायका पैसा कसा आणि कुठे साठवतात, हा.

तिच्या हातात विद्यापीठातील विभागाचे पत्र होते. संशोधनाची प्रगती असमाधानकारक आढळली आहे, सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा नोंदणी रद्द करण्याची शिफारस करण्यात येईल. मजकूर एवढाच, खाली सही-शिक्का.

वडील म्हणाले, "भाऊ, पोरगी नापास झाली काय हो?"

आम्ही स्वतः बी.कॉम. पीएच.डी.च्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही. पण आयुष्याची वीसेक वर्षे आवक-जावकच्या टेबलावर काढली असल्याने कागद कसा चालतो आणि कुठे अडतो, एवढे आम्हांला कळते. त्या रात्री आम्ही मुलीला पहिला प्रश्न विचारला तो हाच की, मागच्या अहवालांच्या पोच घेतलेल्या प्रती कुठे आहेत? ती गप्प राहिली. एकाही अहवालाची पोच तिच्याजवळ नव्हती.

आपल्या पुष्कळ घरांत समजूत अशी आहे की पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, आता पोरगा किंवा पोरगी पाच-सहा वर्षे पुस्तके वाचणार, मग एक जाडजूड ग्रंथ लिहून देणार आणि नावामागे डॉक्टर लागणार. मधल्या काळात कोणी काही विचारत नाही. वस्तुस्थिती तशी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम काढले. त्यांनुसार प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक संशोधन सल्लागार समिती असते आणि त्याचा मार्गदर्शक, ज्याला मुले गाईड म्हणतात, तो तिचा निमंत्रक असतो. दर सत्राला, म्हणजे साधारण सहा महिन्यांनी, विद्यार्थ्याने या समितीपुढे उभे राहून आपल्या कामाचे सादरीकरण करायचे आणि थोडक्यात लेखी अहवाल द्यायचा. अशी समिती आणि सहामाही हजेरी २०१६ च्या नियमांतही होतीच. आपल्या मुलाला कोणते नियम लागू आहेत हे त्याच्या नोंदणीच्या तारखेवरून ठरते, तेव्हा नोंदणीचे पत्र आधी काढून पाहावे. या मुलीची नोंदणी २०२३ ची, म्हणून तिला नवे नियम लागू.

आता मुद्द्याची गोष्ट. समितीने आपल्या शिफारशी विद्यापीठाला पाठवायच्या आणि त्यांची एक प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची, असे नियमातच आहे. प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीने त्याची कारणे नोंदवायची आणि सुधारणेचे उपाय सुचवायचे. ते उपाय सांगूनही विद्यार्थ्याने अमलात आणले नाहीत, तरच समिती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते, आणि तीही कारणे देऊन. म्हणजे आधी कारण, मग उपाय, मग त्यासाठी वेळ, आणि सगळ्यांत शेवटी कुऱ्हाड. मुलीच्या हातातल्या पत्रात नुसती कुऱ्हाड होती.

आम्ही तिला सगळे पहिल्यापासून विचारले. पहिले दोन अहवाल बरे झाले होते. कोर्सवर्कच्या परीक्षेत पंचावन्न टक्के लागतात, तिला त्याहून बरेच जास्त पडले. तिसऱ्या सत्रात आईचे ऑपरेशन झाले. दीड महिना ही दवाखान्यात, त्यानंतर घरचा स्वयंपाक, धाकट्या भावाचा डबा, संध्याकाळच्या शिकवण्या. दोनशे बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, झाल्या एकवीस. तिने गाईडना फोन करून अडचण सांगितली. ते म्हणाले, चालेल, पुढच्या वेळी बघू. माणूस वाईट नाही, असे ती स्वतःच म्हणते. पण ते बोलणे फोनवर झाले आणि फोनवरच विरले. फायलीत त्याचा मागमूस नाही.

आणि मग अहवालात तिने काय लिहिले? "संदर्भ साहित्याचे वाचन सुरू आहे." चौथ्या अहवालातही तेच वाक्य, फक्त "सखोल" हा शब्द वाढवून. आम्ही जरा रागावलोच. म्हटले, "अगं, आईचं ऑपरेशन झालं हे लिहायला लाज वाटली का?" तर म्हणाली, "काका, तिथं घरच्या अडचणी सांगितल्या की आपली पोरं कारणंच सांगतात असं म्हणतात."

हे ऐकून आम्ही थोडा वेळ काहीच बोललो नाही. असे म्हणणारे लोक असतात हे आम्हांला ठाऊक आहे. पण त्या भीतीपोटी पोरीने खरे लपवले, आणि कागदावर जे उरले ते वाचून कोणालाही वाटावे की बाई दीड वर्ष नुसती बसून आहे. समितीतल्या बाहेरच्या सदस्याला तिची आई कुठून माहीत असणार? त्याच्यासमोर तो एक कागद असतो.

सहामाही अहवाल हा विद्यार्थ्याच्या मानेवरचा सुरा आहे असेच मुले मानतात. आमच्या मते तो विद्यार्थ्याचा साक्षीदारही आहे, मात्र त्याच्याकडून खरे वदवून घेतले तर. मागच्या वेळी काय ठरले होते, त्यातले किती झाले, जे राहिले ते कशामुळे, येत्या सहा महिन्यांत काय करणार, एवढे चार परिच्छेद साध्या भाषेत लिहावेत. "एकवीस मुलाखती झाल्या, दोनशेचे उद्दिष्ट होते, आईच्या शस्त्रक्रियेमुळे अमुक ते अमुक तारखेपर्यंत क्षेत्रकाम बंद होते, सोबत डिस्चार्ज कार्ड जोडले आहे." आकडा कमी असला तरी आकडाच लिहावा. गाईडने तोंडी काही सवलत दिली तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल करावा की सर, आज आपण असे सांगितलेत, त्याप्रमाणे मी करते. यात उद्धटपणा काही नाही. आमच्या कचेरीत साहेबांचे तोंडी हुकूम आम्ही याच रीतीने टिपणीत घेतो आणि साहेबही रागावत नाहीत. (एकदा एक रागावले होते. नंतर ऑडिट आले तेव्हा त्याच टिपणीने ते वाचले.)

अहवाल देताना दोन प्रती न्याव्यात. एक विभागात द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. शिपाई म्हणेल ठेवून जा, तरी ठेवून येऊ नये. समितीची बैठकच लागली नाही तर बैठक लावावी असा अर्ज द्यावा, त्याचीही पोच घ्यावी. नाहीतर दोन वर्षांनी बैठक न होण्याचा दोषही मुलाच्याच नावावर पडतो. शिफारशीची प्रत मिळाली नाही तर साध्या अर्जाने मागावी, नियमाचा दाखला द्यावा. बहुधा तेवढ्याने मिळते. नाहीच मिळाली तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचे काम आहे, पण पहिल्याच दिवशी ते हत्यार काढू नये असे आमचे मत आहे. त्याच माणसांबरोबर आणखी चार वर्षे काढायची असतात.

ज्यांना फेलोशिप आहे त्यांच्या घरात तर हा कागद थेट चुलीशी जोडलेला आहे. नेटच्या जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे. ही पुढची पायरी आपोआप मिळत नाही, दोन वर्षांच्या कामाचे मूल्यमापन होऊन मिळते. अहवाल अडला की पैसा अडतो, आणि भाड्याच्या खोलीचा मालक अहवालासाठी थांबत नाही.

आता थोडे घरच्यांशी. मुलीचे वडील आम्हांला म्हणाले, "तीन वर्षं होत आली, निकाल काही लागंना. लोक विचारतात." भाऊ, तीन वर्षे ही तर नियमाने कमीत कमी मुदत आहे. जास्तीत जास्त सहा, पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, एकूण दहाच्या आत. मुलींना बाळंतपणासाठी किंवा मुलाच्या संगोपनासाठी दोनशे चाळीस दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी गेली, तर बाकीच्या अटी पाळून तिचे संशोधन तिकडच्या विद्यापीठात नेता येते. हे अनेक सासू-सासऱ्यांना ठाऊक नसते आणि "आता काय करायचं शिकून" म्हणून विषय तिथेच संपतो.

आणि निकाल लांबणे ही नापासाची खूण नव्हे. बाबासाहेबांचेच पाहा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. पण येताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. त्या परवानगीच्या आधाराने ते १९२० मध्ये पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर परीक्षकांनी हरकती घेतल्या, तो त्यांना दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाला प्रबंध दिला १९१६ साली आणि तिथली पीएच.डी. रीतसर हाती आली १९२७ साली, प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्यावर. आमच्यासारख्या कारकुनाला यात त्या परवानगीचे फार कौतुक वाटते.

त्या रात्री आम्ही दीड पानाचा खुलासा लिहायला बसलो. मजकूर तिचा, आम्ही फक्त तारखा लावल्या. आपली चूक तिने पहिल्याच परिच्छेदात कबूल केली, दोन अहवालांत पुरेशी माहिती दिली नाही म्हणून. नंतर दवाखान्याचे कागद, मुलाखतींची यादी, महिन्याला पंचवीस मुलाखती घेण्याचे वेळापत्रक, आणि शेवटी विनंती की समितीने कारणे व उपाय लेखी द्यावेत. वडील दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले आणि शिक्का उमटेपर्यंत टेबलाजवळून हलले नाहीत. अकरा दिवसांनी समितीचे पत्र आले. नोंदणी रद्दचा विषय त्यात नव्हता. सहा महिन्यांत किमान शंभर मुलाखती आणि एक प्रकरण लिहून द्यावे, असे होते.

ते होईल की नाही, आज सांगता येत नाही. शिकवण्यांच्या दोन बॅच तिने सोडल्या, तेवढे पैसे घरात कमी झाले. भाऊ आता स्वतःचा डबा स्वतः भरतो, असे त्याची आई सांगत होती. परवापर्यंत मुलाखतींचा आकडा त्रेचाळीसवर आला होता.

ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल, किंवा ज्यांच्या मुलांचे अहवाल पोचेशिवाय गेले असतील, त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर वस्तीच्या वाचनालयात यावे. मुलालाही बरोबर आणावे, त्याच्या वतीने आपण एकट्यानेच येऊ नये. कागदांची झेरॉक्स आणा, मूळ प्रती घरीच रेशनकार्डाच्या पिशवीत राहू द्या.