कुत्रा माणसाला चावला तर

पत्रकारितेच्या शिक्षणाची सुरुवात कुत्र्यापासून होते. इतर विद्यांच्या आरंभी गणपती असतो, सरस्वती असते, गेला बाजार 'ग म भ न' तरी असतं. आमच्याकडे पहिल्या तासाला सर वर्गात आले, फळ्यावर 'बातमी म्हणजे काय?' असं लिहिलं आणि पाठमोरेच म्हणाले, "कुत्रा माणसाला चावला तर ती बातमी नव्हे. माणूस कुत्र्याला चावला तर ती बातमी!" मग ते वळून आमच्याकडे पाहू लागले. इथे हसायचं असतं. पहिल्या वर्षी आम्ही मनापासून हसलो. दुसऱ्या वर्षी तेच वाक्य 'बातमीमूल्य' या प्रकरणात भेटलं, तेव्हा हजेरीपुरतं हसलो. आता तिसऱ्या वर्षी ते 'संपादन' या पेपरात पुन्हा दत्त म्हणून उभं राहिलंय आणि माझं हसू संपलंय. या एका वाक्याने मराठी पत्रकारितेचं जेवढं नुकसान केलं, तेवढं १९७५ च्या आणीबाणीतल्या सेन्सॉरनेही केलं नसेल, असं माझं ठाम मत झालं आहे. सेन्सॉर निदान बातमी लिहून झाल्यावर कापायचा. हे वाक्य ती लिहूच देत नाही.

मी पत्रकारितेकडे कसा वळलो, हे सांगण्यासारखं काही नाही. बारावीला विज्ञानवाल्यांना पडतात तेवढे गुण मला पडले नाहीत आणि वाणिज्यवाल्यांना लागतो तेवढा हिशेब मला येत नव्हता. राहता राहिला समाज. त्याचीच सेवा करावी म्हटलं. ही वार्ता नातेवाइकांत पसरल्यावर मामाने विचारलं, "म्हणजे तू टीव्हीवर ओरडणार का रे?" आत्याने विचारलं, "पगार किती?" काकांनी काहीच विचारलं नाही, फक्त वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. एकट्या आजीचा अभिप्राय तेवढा अभ्यासपूर्ण होता. आजी पेपर उघडते ती थेट निधनवार्तांच्या पानावर. कोण गेलं, कधी गेलं, कशाने गेलं, मागे कोण कोण आहे, एवढं वाचून ती पेपराची घडी घालते. ती म्हणाली, "जा बाबा. पण त्या एका पानासारखं लिही. बाकीच्या पानांत काही समजत नाही."

आजीला कुणी सांगितलं नव्हतं, पण हेच आमच्या अभ्यासक्रमातलं दुसरं महावाक्य आहे. बातमीत सहा प्रश्नांची उत्तरं हवीत. इंग्रजीला त्यासाठी पाच डब्ल्यू आणि वर एक एच, अशी दोन अक्षरांची जुळवाजुळव करावी लागते. मराठीचं वैभव असं, की आपलं सगळं एका 'क'मध्ये बसतं. कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं! हा परीक्षेतला हमखास प्रश्न. आमच्या वर्गातला मठ्ठातला मठ्ठ मुलगाही झोपेत हे सहा 'क' धडाधडा म्हणून दाखवील.

गंमत प्रात्यक्षिकाच्या वेळी होते. आमचं प्रात्यक्षिक म्हणजे आलेल्या प्रसिद्धिपत्रकाची बातमी करणे. अमुक साहेबांच्या शुभहस्ते तमुक प्रभागात गटाराचं भूमिपूजन झालं. कोण? साहेब. काय? गटार. कुठे, कधी, तेही आलं. कसं? मोठ्या उत्साहात. आता याच गटाराचं भूमिपूजन गेल्या वर्षीही झालं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही. मी भाबडेपणाने विचारलं, "सर, मग पुन्हा का?" सर म्हणाले, "तो 'का' जागेअभावी वगळायचा."

सर सज्जन आहेत, हे इथे सांगितलं पाहिजे. ते तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी आली तर उपास. पोटासाठी तीन कॉलेजांत तीन विषय शिकवतात आणि एका कॉलेजातून दुसरीकडे जाताना स्कूटरवरच कुठला विषय ते आठवत असावेत. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्यांच्या हातातल्या पिवळ्या पडलेल्या नोट्सवर.

तर कुत्रा. गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहाच्या बोळात एका सात-आठ वर्षांच्या मुलाला कुत्रं चावलं. बोळाच्या तोंडाशी इस्त्रीची टपरी आहे, त्या इस्त्रीवाल्याचा हा मुलगा. पोटरीचा लचकाच तोडला होता. मी खाली येईपर्यंत मुलाच्या आजीने जखमेत तिखट भरलेलं. मुलाचा टाहो चौकापर्यंत ऐकू जात होता. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवायची असते, हे त्या बोळातल्या एकालाही माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं ते एवढंच, की पोटात चौदा इंजेक्शनं घेतात. ती पोटातली लस आपल्या देशात २००५ च्या आसपासच बंद झाली, पण तिची दहशत पुढच्या पिढीला वारसाहक्काने मिळालेली आहे.

आम्ही त्याला घेऊन नगरपालिकेच्या दवाखान्यात गेलो. लस संपली होती, सोमवारी या म्हणाले. तो दिवस गुरुवार. रिक्षा करून मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे लस होती. पण जखम खोल असली की लशीबरोबर जखमेत एक वेगळं औषध सोडावं लागतं, ते बाहेरून आणा म्हणाले. ते आणलं. मग पुढचं वेळापत्रक मिळालं. आज एक खेप, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. इस्त्रीवाल्याने ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आणि बोटं मोजली. चार खेपा म्हणजे चार दिवस टपरी बंद. त्याने मला विचारलं, "दादा, शेवटचं चुकवलं तर चालतं का हो?" रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही आणि वेळेवर उपचार पुरे केले तर तो जवळजवळ नेहमी वाचतो. इतका सरळ हिशेब वैद्यकशास्त्रात क्वचित असेल. तो मला त्या दिवशी केसपेपरच्या रांगेत कळला. तीन वर्षांच्या शिक्षणातली ही माझी पहिली मुलाखत.

मग मला चेव चढला. नगरपालिकेत गेलो. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचं आणि लसीकरणाचं काम स्थानिक संस्थेचं, हे २०२३ च्या केंद्रीय नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे. आमच्या गावात त्याचा ठेका संपून आठ महिने झाले होते आणि नवा ठेका टेबलावर होता. कुठल्या टेबलावर, हे कुणालाच सांगता येईना. मी चार टेबलं हिंडलो, पाचव्यावरचे साहेब जेवायला गेले होते. वेळ सकाळी अकराची. हे सगळं मी चारशे शब्दांत लिहिलं. सहाच्या सहा 'क' घातले, 'का' तर दोनदा घातला, आणि प्रात्यक्षिक म्हणून दिलं. आठवड्याने कागद परत आला. लाल शाईत शेरा होता, 'भाषा चांगली. बातमीमूल्य नाही. कुत्रा माणसाला चावला!' दहापैकी चार.

त्याच आठवड्यात दहापैकी नऊ कुणाला मिळाले असतील? आमच्या एका वर्गबंधूला. त्याची बातमी होती, एका कार्यकर्त्याने आपल्या कुत्र्याचा वाढदिवस साजरा केला. फ्लेक्स लावला, केक कापला, कुत्र्याला फेटा बांधला. शेरा होता, 'उत्तम! वेगळेपण आहे.' वेगळेपण आहे हे मलाही मान्य. फेटा बांधलेल्या कुत्र्याकडे मीसुद्धा वळून पाहीन. पण गावात फेटेवाला कुत्रा एक आहे आणि बिनफेट्याचे किती आहेत, हे रात्री दहानंतर सायकलवरून घरी येणाऱ्या कुणालाही विचारा.

हे महावाक्य न्यूयॉर्कच्या कुठल्याशा वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं असं म्हणतात. तिथे कदाचित चावलेल्या माणसाला डॉक्टर वेळेवर मिळत असेल, कुत्र्याचा मालक सापडत असेल आणि नगरपालिकेचे साहेब अकराला जेवायला जात नसतील. मग लिहायला उरतं काय? पण जिथे कुत्रा चावल्यानंतरचं सगळंच अडतं, तिथे चावणं ही घटना असते आणि अडणं ही बातमी असते. रोज घडतं म्हणून ती बातमी नव्हे, असं म्हणायचं तर शेतकऱ्याचं कर्ज, एसटीचं ब्रेकडाऊन, नळाला न आलेलं पाणी, यांतलं काहीच बातमी नाही. रोज घडतं म्हणून ती मोठी बातमी, असं उलट का शिकवत नाहीत?

आणि पुरावाच हवा असेल तर घ्या. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. कशावरून? दिल्लीत कुत्री लहान मुलांना चावतात, अशा एका इंग्रजी वर्तमानपत्रातल्या बातमीवरून. कुत्रा माणसाला चावला, एवढीच ती बातमी. त्यावर ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला, देशभर प्राणिप्रेमी आणि पादचारी हमरीतुमरीवर आले, २२ ऑगस्टला तो आदेश बदलला आणि प्रश्न साऱ्या राज्यांपर्यंत पोहोचला. कुणा वार्ताहराने आमच्या सरांच्या नोट्स वाचल्या असत्या, तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एवढं काम लागलं नसतं.

इतिहासाच्या पेपरातही हीच तऱ्हा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं, हे आम्हाला पाठ. ऐन विशीतल्या माणसाने एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला इंग्रजी असं पत्र काढून आठ वर्षं चालवलं, म्हणजे आमच्याच वयाच्या मुलाने हा उद्योग केला, हे मात्र कुणी बोलत नाही. न जाणो, आम्हीही करायचो! ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, तेव्हा आम्हाला पाहुण्यांचे पुष्पगुच्छ धरायला उभं करतात.

टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हा रिकाम्या जागा भराचा प्रश्न. एक गुण. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं, ती पत्रं बनावट निघाली, हा त्या प्रकरणातला आम्हाला खरा उपयोगी भाग. कारण आज व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी दहा बनावट पत्रं येतात. पण 'हाती आलेला कागद खरा की खोटा, हे कसे तपासाल?' असा प्रश्न तीन वर्षांत एकदाही आलेला नाही. 'किती दिवस?' एवढाच येतो.

कायद्याचं तर विचारूच नका. बदनामीसाठी आम्ही भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ घोकतो. ती संहिता १ जुलै २०२४ पासून गेली. आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. छापखान्यांचा आणि वृत्तपत्रांचा १८६७ चा कायदाही जाऊन २०२३ चा नवा आला. गाइडात जुनाच आहे. म्हणजे आम्ही उद्या कोर्टात उभे राहिलो, तर अस्तित्वात नसलेल्या कलमाखाली अत्यंत मुद्देसूद बचाव करू.

यावर व्यवहारी माणसं एक मुद्दा मांडतात आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, "बाबा रे, हे सगळं शिकून करशील काय? तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचे पैसे मिळतात किती? त्याला साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा कराव्या लागतात. ज्यांच्याकडून जाहिरात घ्यायची, त्यांना 'का' विचारायचा?" खरं आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे मोजून बातम्या छापल्या गेल्याचं प्रकरण याच महाराष्ट्रात उघडकीला आलं आणि प्रेस कौन्सिलला त्यात लक्ष घालावं लागलं. पण ते उघडकीला आणलं कुणी? पत्रकारांनीच. बातमी आणि जाहिरात यांतला फरक ज्याला कळत होता, त्यालाच ती चोरी दिसली. ज्याला तो कधी शिकवलाच नाही, त्याला चोरी दिसणारही नाही; तो चोराला साहेब म्हणेल आणि पुष्पगुच्छ धरून उभा राहील. नोकरी लागल्यावर तडजोडी करायच्याच आहेत, म्हणून त्या आधीपासून अभ्यासक्रमात कशाला हव्यात? डॉक्टरकीच्या मुलांना कुणी पहिल्या वर्षाला कट प्रॅक्टिस शिकवत नाही.

माझी मागणी अगदी माफक आहे. माहितीच्या अधिकारावर आमच्याकडून आठशे शब्दांचा निबंध लिहून घेतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक अर्ज करायला लावा. आपल्या राज्यात तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो, म्हणजे संपादनाचंही प्रात्यक्षिक आपोआप होईल. शुल्क दहा रुपये. आमच्या कँटीनमध्ये तेवढ्यात कटिंगही धड येत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं तर त्याची बातमी, नाही आलं तर त्याची बातमी. एक दिवस कोर्टात बसवा, एक दिवस नगरपालिकेच्या सभेत, एक दिवस रेशनच्या रांगेत आणि एक दिवस सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीशी. चार दिवसांत आम्हाला सहाही 'क' भेटतील, आणि तेही जिवंत.

इस्त्रीवाल्याच्या मुलाच्या चारही खेपा पुऱ्या झाल्या. शेवटची चुकू नये म्हणून सत्ताविसाव्या दिवसापासून मी त्याच्या बापाच्या मागे लागलो होतो. नव्या ठेक्याची फाइल अजून टेबलावरच आहे. तिच्यासाठी मी दहा रुपयांचा अर्ज केला आहे. एकशे त्रेचाळीस शब्द भरले, शिल्लक राहिलेल्या सातांत काय लिहावं ते सुचलं नाही. हे प्रात्यक्षिक अभ्यासक्रमाबाहेरचं असल्यामुळे त्याला गुण नाहीत. आजीला मात्र सगळं वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "हे समजलं."