३० वर्षांपूर्वी आपटलेला 'व्हर्च्युअल बॉय' लोक आज का जमवतायत?

निन्टेंडो या जपानी कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये एक घोषणा केली आणि गेमिंगच्या जगात अनेकांनी कपाळाला हात लावला. कंपनीचा सगळ्यात गाजलेला फसलेला कन्सोल, म्हणजे १९९५ सालचा 'व्हर्च्युअल बॉय', परत येणार होता. त्याचे गेम आता स्विच आणि स्विच २ वर खेळता येणार, तेही डोळ्यांना लावायच्या लाल-काळ्या उपकरणासह. सुरुवातीची तारीख ठरली १७ फेब्रुवारी २०२६. उपकरणाची अमेरिकेतली किंमत ९९.९९ डॉलर, म्हणजे साधारण ९ हजार रुपये. पुठ्ठ्याची स्वस्त आवृत्ती २४.९९ डॉलरला.

ज्या वस्तूची ३० वर्षं टिंगल झाली, तिची प्रतिकृती विकावी असं कंपनीला का वाटलं असेल? याचं बरंचसं श्रेय जगभरातल्या मोजक्या संग्राहकांना जातं. कंपनीने जे मागे टाकलं, ते त्यांनी जपलं, दुरुस्त केलं आणि चर्चेत ठेवलं. हा छंद नेमका काय आहे, त्यात पैसा कुठे जातो आणि आता गेम अधिकृतपणे मिळत असताना मूळ यंत्राला काही अर्थ उरतो का, ते पाहू.

व्हर्च्युअल बॉय होता तरी काय?

दिसायला हा मोठ्या लाल चष्म्यासारखा, पण डोक्याला बांधायचा नाही. तो दोन पायांच्या स्टँडवर टेबलावर ठेवायचा आणि त्यात डोळे खुपसून खेळायचं. आत दिसायचं ते फक्त लाल आणि काळं चित्र, पण त्याला खोली असायची. चेंडू खरंच आपल्याकडे येतोय असं वाटायचं.

याचे जनक गुनपेई योकोई. 'गेम अँड वॉच' आणि 'गेम बॉय' ही त्यांचीच कामगिरी. जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते कुणी वापरलं नसेल अशा रीतीने वापरायचं, हे त्यांचं सूत्र होतं. व्हर्च्युअल बॉयमध्येही तेच केलं. अमेरिकेतल्या 'रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी' या कंपनीचं तंत्र निन्टेंडोने घेतलं. यात पूर्ण पडदा नाहीच. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एक उभी रांग आहे आणि समोर वेगाने हलणारा छोटा आरसा. आरसा फिरतो तशी ती एक रांग आडवी पसरते आणि डोळ्याला सलग चित्र दिसतं. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र गेलं की मेंदू त्यातून खोली तयार करतो.

रंग लालच का? तेव्हा लाल एलईडी सगळ्यात स्वस्त होते आणि वीजही कमी खात. निळे प्रखर एलईडी नुकतेच कुठे तयार होऊ लागले होते आणि फार महाग होते.

मग तो आपटला कसा?

जपानमध्ये २१ जुलै १९९५ ला तो १५ हजार येनला आला, अमेरिकेत ऑगस्टमध्ये १७९.९५ डॉलरला. नाव 'व्हर्च्युअल', त्यामुळे लोकांना वाटलं आपण आभासी जगात शिरणार. प्रत्यक्षात मान वाकवून लाल रेषा बघायच्या होत्या. डोकं दुखतं, डोळे थकतात अशा तक्रारी आल्या. लहान मुलांनी वापरू नये असा इशारा खुद्द कंपनीचाच होता. शिवाय ठराविक वेळाने गेम आपोआप थांबवून विश्रांतीची आठवण करून देण्याची सोयही होती. जाहिरातीचीही पंचाईत झाली. लाल-काळं थ्रीडी चित्र टीव्हीवर किंवा मासिकाच्या पानावर दाखवणार कसं?

१९९५ संपता संपता जपानमध्ये खेळ आटोपला, पुढच्या वर्षी अमेरिकेतही. युरोपात तो पोहोचलाच नाही. एकूण विक्री सुमारे ७ लाख ७० हजार. तुलनेसाठी, गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख विकले गेले. योकोई १९९६ मध्ये निन्टेंडोतून बाहेर पडले आणि १९९७ मध्ये रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

फक्त २२ गेम, म्हणूनच आकर्षण

संग्राहकाच्या दृष्टीने हे अपयशच सोयीचं ठरलं. एखाद्या यशस्वी कन्सोलचे सगळे गेम जमवायचे तर शेकडो, कधी हजारोंच्या घरात जावं लागतं. व्हर्च्युअल बॉयचे अधिकृत गेम फक्त २२. जपानमध्ये १९ आले, उत्तर अमेरिकेत १४, त्यातले ११ दोन्हीकडे समान. म्हणजे पूर्ण संच एका छोट्या कप्प्यात मावतो. शिवाय यात प्रदेशाचं कुलूप नाही. जपानी कार्ट्रिज अमेरिकन यंत्रात सरळ चालतं.

पण 'फक्त २२' ऐकून हुरळून जायचं कारण नाही. सुरुवात सोपी आहे. 'मारिओज टेनिस' अमेरिकेत कन्सोलसोबतच मिळायचा, त्यामुळे तो भरपूर उपलब्ध. 'टेलेरोबॉक्सर', 'गॅलॅक्टिक पिनबॉल', 'रेड अलार्म' हेही सापडतात. 'वारिओ लँड' हा या कन्सोलचा सर्वोत्तम गेम मानला जातो आणि तोही आवाक्यातला.

खरी परीक्षा शेवटच्या चार-पाच गेमना आहे. जपानमध्ये २२ डिसेंबर १९९५ ला, म्हणजे कन्सोल गुंडाळला जात असतानाच, 'एसडी गुंडाम डायमेन्शन वॉर' आणि 'व्हर्च्युअल बोलिंग' आले. दुकानदारांनी ते फारसे मागवले नाहीत. आज खोक्यासकट प्रत मिळवायची तर हजार डॉलरच्या पुढेच बोलणी सुरू होतात. 'व्हर्च्युअल लॅब' तर वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. त्याच्या छपाईत निन्टेंडो या नावाचं स्पेलिंगच चुकलंय. खेळायला सुमार, पण या चुकीमुळे संग्राहकांना हवाहवासा.

इथे या बाजाराचा पहिला नियम कळतो. किंमत गेमच्या दर्जावर ठरत नाही, किती प्रती उरल्या आणि किती जणांना हव्यात यावर ठरते. बहुतेकांकडे २२ पैकी १७-१८ झालेले असतात आणि सगळे त्याच उरलेल्या चारांच्या मागे असतात.

खोक्याला एवढी किंमत का?

१९९५ मध्ये घरी गेम आणला की खोकं कचऱ्यात जायचं. कार्ट्रिज टिकलं, पुठ्ठा नाही. त्यामुळे नुसतं कार्ट्रिज, खोकं-पुस्तिकेसह संच आणि कधीच न उघडलेली प्रत, या तिन्हींच्या किमतींत मोठं अंतर असतं.

न उघडलेल्या प्रतींचा बाजार २०२१ मध्ये वेगळ्याच पातळीवर गेला. 'सुपर मारिओ ६४'ची एक सीलबंद प्रत अमेरिकेतल्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून दर्जाचा आकडा देणाऱ्या कंपन्या आणि गुंतवणूकदार यात उतरले. व्हर्च्युअल बॉयसारख्या कोपऱ्यातल्या कन्सोलवरही या लाटेचा परिणाम होतो. ज्याला खेळायचं आहे आणि ज्याला फक्त विकायचं आहे, असे दोघे एकाच वस्तूवर बोली लावतात. हौसेला मोल नाही हे खरं, पण नफेखोरी आली की हौशी माणूसच आधी मागे पडतो.

खरा शत्रू : ३० वर्षं जुना गोंद

किमतीपेक्षा मोठी अडचण यंत्राच्या पोटात आहे. एलईडीच्या रांगेला जोडणारी चपटी केबल सोल्डर केलेली नाही, ती वीजवाहक गोंदाने चिकटवलेली आहे. वर्षं सरली तसा हा गोंद सुटायला लागतो. मग काही एलईडी पेटत नाहीत. एक एलईडी म्हणजे चित्राची एक आडवी ओळ, त्यामुळे चित्रात आडव्या रेषा गायब होतात किंवा लुकलुकतात. हा दोष जवळपास प्रत्येक यंत्रात आज ना उद्या येणारच असं संग्राहक धरून चालतात.

सुरुवातीला लोक केबल दाबून धरायचे, गरम करून गोंद पुन्हा बसवायचा प्रयत्न करायचे. ही मलमपट्टी काही महिने टिकते. कायमचा उपाय म्हणजे केबलवरचा थर खरवडून ती बोर्डाला सोल्डर करणं, किंवा चाहत्यांनी बनवलेली नवी केबल बसवणं. निन्टेंडो या यंत्राचे सुटे भाग आता पुरवत नाही. हे सगळं ज्ञान हौशी लोकांनी यंत्रं उघडून, काही बिघडवून मिळवलेलं आहे.

म्हणून जुना व्हर्च्युअल बॉय विकत घेताना काही गोष्टी तपासायलाच हव्यात:

- दोन्ही डोळ्यांचं चित्र वेगवेगळं बघा. एक बाजू ठीक असून दुसरीत रेषा तुटलेल्या असू शकतात.
- 'दुरुस्त केलेला' म्हटलं तर सोल्डर केलाय की नुसता गरम केलाय, हे विचारा. किमतीतला मोठा फरक इथेच असतो.
- स्टँडचा प्लॅस्टिकचा सांधा आणि डोळ्यांभोवतीचं आच्छादन शाबूत आहे का पाहा. हेच भाग आधी तुटतात किंवा हरवतात.
- कंट्रोलरमध्ये सहा पेन्सिल सेल लागतात. सेल तसेच राहून गळले आणि गंज चढला असेल तर खर्च वाढतो.
- 'वारिओ लँड'सारख्या गेममध्ये प्रगती साठवायला आत बटणासारखा छोटा सेल असतो. तो संपला की गेम चालतो, पण काही लक्षात ठेवत नाही. सेल बदलता येतो.
- महागड्या गेमची नक्कल निघू शकते. लेबलची छपाई आणि शक्य असेल तर आतल्या बोर्डाचा फोटो मागा.

आणि हो, नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'कॅसेट'मध्ये फुंकर मारून गेम सुरू करायची पद्धत होती, ती इथे विसरा. श्वासातल्या ओलाव्याने धातू गंजतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसणं हाच योग्य मार्ग.

भारतातून घ्यायचा तर?

हा कन्सोल भारतात कधी अधिकृतपणे विकला गेला नाही. त्यामुळे जपान किंवा अमेरिकेतून मागवणं, नाहीतर तिथल्या नातेवाइकांना सांगणं, एवढेच पर्याय. मागवल्यास पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क आधीच हिशोबात धरा. दुसरी गोष्ट विजेची. मूळ अॅडॉप्टर जपानच्या १०० किंवा अमेरिकेच्या १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावला तर जळेल. सेलवर चालवणं सुरक्षित.

आता गेम पुन्हा मिळतायत, मग जुनं यंत्र कशाला?

प्रश्न रास्त आहे. ज्याला फक्त कुतूहल आहे, त्याच्यासाठी नवं उपकरण हाच शहाणपणाचा मार्ग. गोंद सुटायची भीती नाही आणि हजार डॉलरचं कार्ट्रिजही नको.

पण यात एक मेख आहे. हे गेम विकत मिळत नाहीत, निन्टेंडोच्या सशुल्क सदस्यत्वाचा भाग म्हणून मिळतात. सदस्यत्व संपलं की गेम बंद. कंपनीने उद्या सेवा गुंडाळली तर सगळ्यांसाठीच बंद. ही नुसती शंका नाही. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ ला वी-यू आणि थ्रीडीएस या दोन कन्सोलची ऑनलाइन दुकानं बंद केली आणि फक्त तिथेच विकले जाणारे कित्येक गेम नव्याने विकत घेणं अशक्य झालं. शिवाय सिनेमा किंवा मालिकेवर बेतलेला गेम पुन्हा काढायचा तर हक्कांची नव्याने बोलणी करावी लागतात. व्हर्च्युअल बॉयच्या २२ गेममध्ये 'वॉटरवर्ल्ड' आणि 'गुंडाम' असे दोन आहेत.

प्रश्न एका कन्सोलपुरता नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत. ग्रंथालयांनी असे गेम संशोधकांना दुरून वापरायला द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. पुस्तक छपाईबाह्य झालं तर ते ग्रंथालयात सापडतं. गेमच्या बाबतीत ते कपाट बहुतेक वेळा कुणातरी हौशी माणसाच्या घरातच असतं.

व्हर्च्युअल बॉयचंच उदाहरण घ्या. 'बाउंड हाय' हा गेम तयार होऊनही कंपनीने कधी बाजारात आणला नाही. तो २०१० मध्ये चाहत्यांच्या प्रयत्नातून लोकांसमोर आला. दोन यंत्रं जोडायची केबल निन्टेंडोने कबूल करूनही विकली नाही. तीही चाहत्यांनीच बनवली. या कामाचा काही भाग कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने धूसर आहे हे नाकारता येत नाही. पण ते झालं नसतं तर आज परत आणायला लोकांची मागणी तरी उरली असती का, हाही प्रश्न आहे.

म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. नव्या उपकरणामुळे लाखो लोकांना हे गेम पहिल्यांदा बघता येतील आणि केवळ कुतूहलापोटी मूळ यंत्र शोधणारे कमी होतील. पण तो थरथरणारा आरसा आणि काळ्या अंधारात पेटणारी एलईडीची लाल रांग नव्या उपकरणात नाही. तिथे स्विचचा पडदाच लाल रंगात चित्र दाखवतो. मूळ अनुभव फक्त ७ लाख ७० हजार यंत्रांमध्ये होता. त्यातली चालू यंत्रं दरवर्षी घटतायत आणि नवीन कुणी बनवणार नाही. उरलेली किती वर्षं चालतील, हे आता निन्टेंडोपेक्षा सोल्डरिंग गन हातात घेऊन बसलेल्या लोकांवर जास्त अवलंबून आहे.