यंत्राला जाणता हवा

आपल्या व्यापारी बंधूंच्या अनेक पेढ्या आता केवळ अडत व घाऊक विक्रीपुरत्या राहिलेल्या नाहीत. कोणाची डाळ मिल आहे, कोणाचा सुट्या भागांचा कारखाना. भांडवल उभारण्यात आपला हात कोणी धरणार नाही. परंतु यंत्र सांभाळणारा मनुष्य घडविण्याचा खर्च आपल्या वहीत क्वचितच पडतो.

डाळ मिलमधील कलर सॉर्टरच घ्या. कॅमेरा डागी दाणा हेरतो, विजेचा संदेश झडपेस जातो आणि हवेचा झोत तो दाणा बाजूस फेकतो. दाबाच्या हवेत पाणी उतरले की झडप मंदावते आणि डागी दाणे मालात मिसळू लागतात. वायरमन म्हणतो, तारा ठीक आहेत. फिटर म्हणतो, मोटार ठीक आहे. दोघेही खरेच बोलतात, आणि काम मात्र खोळंबून राहते.

येथे यंत्र, वीज, हवेचा दाब व संगणकीय नियंत्रण ही चारही अंगे जाणणारा तंत्रज्ञ हवा. या विद्येस मेकाट्रॉनिक्स म्हणतात. जपानच्या यास्कावा कंपनीतील अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ साली हा शब्द योजिला. जर्मनीने १९९८ साली या व्यवसायाचे स्वतंत्र प्रशिक्षण सुरू केले. तेथील उमेदवार कारखान्याशी करार करून साडेतीन वर्षे शिकतो; काही काळ शाळेत, उरलेला यंत्रापाशी. विद्यावेतन कारखानदार देतो.

ही रीत आपणांस परकी वाटू नये. पेढीवर मुलगा ठेवून त्यास रोजमेळापासून खतावणीपर्यंत तयार करणे ही आपलीच चाल होय. शिकाऊ उमेदवारांचा कायदाही आपल्या देशात १९६१ सालचा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी ३० वा अधिक माणसांच्या आस्थापनेस २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेस ते ऐच्छिक ठेविले.

मुलगा शिकून निघून जाईल, अशी शंका नेहमी निघते. काही जातीलही. परंतु न शिकलेला टिकला, तर त्याचे अज्ञानही आपल्याच पदरी पडते.

एकट्या लहान मिलला चारही अंगे शिकविणे कठीण आहे. यास्तव एका गावच्या चार-पाच सभासदांनी मिळून, जवळच्या आयटीआयच्या साहाय्याने, उमेदवार आळीपाळीने आपापल्या कारखान्यांत शिकवावेत. मुलींनाही त्यांत स्थान द्यावे. संघाने येत्या वार्षिक सभेपुढे ही योजना ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.