‘निरंक’चा रकाना

पावसाळापूर्व तपासणी मे महिन्यात होते. तेव्हा लहान तलावांच्या तळाशी जेमतेम चिखल उरलेला असतो. भिंतीवर पाण्याचा दाबच नसेल तर गळती दिसणार कुठून? मग गळतीच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले जाते. ते खोटे नसते, पण त्याचा उपयोगही नसतो.

चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले ते २ जुलै २०१९ च्या रात्री. वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांवर ठपका आला आणि चर्चा तिथेच रेंगाळली. खेकडे बिळे करतात हे खरेच. पण ती शोधून बुजवणे देखभालीतच येते.

मेमधली फेरी बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. माथ्यावरच्या भेगा, खचलेले पिचिंग, अडकलेले गेट तेव्हाच नीट दिसतात. सांडव्यावर जास्त पाण्यासाठी कुणी रचलेली मातीची पोती तर तेव्हाच काढायला हवीत. मातीच्या भिंतीवरून पाणी गेले की ती फार वेळ टिकत नाही. माथा एखाद्या ठिकाणी ट्रॅक्टरच्या चाकोरीने वीतभर बसला असेल, तर पाणी आधी तिथूनच उतरेल. लेव्हल लावून हे एकदा तपासावे.

गळतीचे मात्र ऑक्टोबरमध्येच पाहावे लागते, तलाव भरलेला असताना आणि पायथ्याने चालत. झिरपणे हा मातीच्या धरणाचा दोष नव्हे. पाणी स्वच्छ असेल आणि तलावाच्या त्याच पातळीला दरवर्षी तेवढेच येत असेल, तर नोंद पुरते. ते गढूळ झाले, तर भरावातली माती वाहू लागली आहे असे समजावे. विमोचकाच्या नळाभोवती आधी पाहा. नळाशेजारची दबाई कच्ची राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. भिंतीवरच्या वेड्या बाभळी नुसत्या छाटून भागत नाही, कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. मुळे खणून काढून तिथे थराथराने दबाई करावी लागते.

ऑक्टोबरमध्ये गळती टिपली, तरच अंदाजपत्रक आणि मंजुरी वेळेत होऊन उन्हाळ्यात काम होते. मेमध्ये सुचलेली दुरुस्ती पुढच्या वर्षावरच जाते.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ पावसाळ्याआधीची आणि नंतरची अशा दोन्ही तपासण्या सांगतो, पण दहा मीटरपर्यंतची धरणे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. १९७२ च्या दुष्काळी कामांतले कितीतरी पाझर तलाव त्यांत येतात. पन्नाशी ओलांडलेल्या या भिंतींचे नकाशे अनेकदा कार्यालयात सापडत नाहीत. चौकीदाराचे पद तर कधीच मिटले. तिथे शाखा अभियंत्यानेच भरल्या तलावाचे फोटो, गळती मोजणाऱ्या व्ही-नॉचचे माप आणि त्या दिवशीची पाणीपातळी एका वहीत लिहावी, आणि बदलीच्या वेळी ती वही कार्यभार यादीत घालावी.