शर्यत संपल्यानंतर

बैलगाडा शर्यतींचा वाद कायद्यापुरता मिटला आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो वैध ठरविला. धावत्या बैलाची काळजी कायद्याने घेतली. थकलेल्या बैलाचे काय?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. ऊसतोडीला कुटुंब निघते तेव्हा बैलही कारखान्याच्या वाटेला लागतो. धनी त्याची चाल ओळखतो, तो धन्याची हाक. कित्येक हंगामांची ही सोबत बैल म्हातारा होताच संकटात सापडते. २०१५ पासून बैलांच्या कत्तलीस राज्यात बंदी आहे. ती योग्य मानली, तरी म्हाताऱ्या बैलास गिऱ्हाईक नाही आणि दुष्काळी गावात दावणीला चारा नाही. माया असूनही धनी हतबल होतो.

यावर उपाय अशक्य नाही. परवानगी देतानाच शासनाने अट घालावी, की बक्षिसांच्या रकमेतील काही हिस्सा निवृत्त बैलांच्या चाऱ्यासाठी राखून ठेवावा. ऊसवाहतुकीवर चालणाऱ्या कारखान्यांनीही आपला वाटा उचलावा. पोळ्याला एक दिवस पुरणपोळी भरविल्याने जन्मभराच्या कष्टांचे ऋण फिटत नाही.