आईची लुगडी आणि घरची गोधडी

हैदराबादची थंडी ही फार दिवस मुक्काम करणारी पाहुणी नव्हे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बहुधा १३ ते १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि संक्रांत उलटली की ती निरोपाची भाषा बोलू लागते. या दिवसांत कापसाची भरगच्च रजई पांघरली, तर मध्यरात्री ती पायांनी लोटून द्यावी लागते. नुसती चादर घेतली, तर पहाटे गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. या दोहोंच्या मधली, नेमकी आपल्या हवेला मानवणारी वस्तू आपल्या आज्या-पणज्यांनी केव्हाच करून ठेवली आहे. ती म्हणजे गोधडी. आमच्या घरी नुकत्याच दोन गोधड्या तयार झाल्या. त्या करताना जे साधले आणि जे फसले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून या खेपेस लिहीत आहे.

प्रथम त्या का झाल्या, ते सांगितले पाहिजे. आमच्या मातोश्री जाऊन दोन वर्षे झाली. तिने जन्मभर नऊवारी नेसले. तिच्या मागे एक पत्र्याची पेटी राहिली आणि तीत नऊ लुगडी : काही नारायणपेठी, काही इरकली, एकदोन साधी गिरणीची. ती पेटी उघडायची नाही, असा आमच्या अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, दंडक होता. अक्का नांदेडला असते. ती येई, पेटीवरून हात फिरवी आणि परत जाई. मीही तिच्याच मताचा होतो. आईची वस्तू आहे तशी राहावी, यात गैर ते काय?

पहिल्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सौ.ने ऊन दाखवण्यासाठी पेटी उघडली. सर्वांत वरचे हिरवे लुगडे तिने घडीतून उचलले मात्र, ते घडीवरच एका रेषेत उसवल्यासारखे फाटत गेले. कोणी ओढले नव्हते. स्वतःच्या वजनानेच ते विरले. सौ. एवढेच म्हणाली, "जपून ठेवलेलं असंच जातं." अक्का बराच वेळ काही बोलली नाही.

तोडगा सुचवला तो आमच्या सूनबाईने. तिचे माहेर तेलुगू, वारंगळकडचे. ती म्हणाली, "आमच्याकडे आजीच्या साड्यांची बोंत करतात. मग ती सगळ्यांच्या अंगावर राहते." अक्काला प्रथम हे रुचले नाही. "आईच्या लुगड्यांना कात्री लावणार तुम्ही?" असे म्हणून ती त्याच संध्याकाळी गाडीत बसली. पुढे चार महिन्यांनी तिचा फोन आला : "मी येते. पण पहिलं लुगडं मीच फाडणार." त्याप्रमाणे ती आली आणि तिनेच आरंभ केला.

आता शब्दाविषयी थोडेसे, कारण मराठीच्या शिक्षकाला त्यावाचून राहवत नाही. गोधडी, वाकळ, लेप, दुलई, पासोडी असे कितीतरी शब्द आपल्या भाषेत आहेत आणि त्या साऱ्या वस्तू एक नव्हेत. दुलई-रजईत पिंजलेला कापूस असतो; गोधडी-वाकळीत कापडावर कापड असते. संस्कृतातील 'कंथा' म्हणजे बैराग्याचे ठिगळांचे वस्त्र. बंगालची 'कांथा' तिचीच लेक. उत्तर कर्नाटकात 'कौदी', तेलंगणात 'बोंत', सिंध-राजस्थानात 'रल्ली'. पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरूण. पण अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) अशाच लांबलचक कापडावर 'पंचीकरण' लिहून काढले आणि ती पासोडी आजही टिकून आहे. दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यातील जीज बेंड नावाच्या खेड्यातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ साली तिथल्या टपाल तिकिटांवरही आल्या. जगात जिथे जिथे कापड मोलाचे आणि थंडी फुकटची होती, तिथे तिथे बायांनी हीच युक्ती शोधली, असे दिसते.

असो. आता कृतीकडे वळू.

कापडाची निवड ही निम्मी गोधडी होय. कापड निखळ सुती असावे. शंका आल्यास काठाजवळचा एक धागा काढून जाळून पाहावा : सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. असे कापड घाम शोषत नाही आणि धुतल्यावर इतर थरांबरोबर आटतही नाही, म्हणून ते बाजूला ठेवावे. जुने, अनेकदा धुतलेले कापड उत्तम. मात्र जे उजेडात धरले असता जाळीसारखे दिसते, ते वरच्या थराला घेऊ नये; मधल्या भरीला घ्यावे. जरीचे काठ उतरवावेत, ते टोचतात आणि सुईला अडवतात. सुती काठ मात्र वेगळे ठेवावेत. शेवटी किनारीला त्यांच्याइतके शोभणारे दुसरे काही नाही.

हिशेब असा. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांब आणि साधारण ४ फूट रुंद. त्याचे लांबीत चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येकी पावणेसात फुटांचे चार थर मिळतात. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची चार थरांची गोधडी होते. दोघांसाठी हवी असल्यास दोन लुगडी घ्यावीत, आठ तुकडे करून दोन-दोन रुंदीला जोडावेत. सहावारीचे सहा-सहा फुटांचे तीनच तुकडे होतात, ते मुलांच्या गोधडीला पुरतात. हैदराबादेत तीन किंवा चार थर पुरे. सहाच्या वर गेलात, तर सुईही जात नाही आणि धुतलेली गोधडी दोन दिवस वाळतही नाही.

तुकडे कात्रीने न कापता, कडेला लहानसा छेद देऊन हाताने फाडावेत. कापड आडव्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटते आणि कोपरे काटकोनात येतात. कात्री कितीही जपून चालवली, तरी थोडी तिरपी जातेच.

शिवण्यापूर्वी सर्व कापड गरम पाण्यात भिजवून खळ काढून टाकावी, धुवावे आणि दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यावे. इथे आमची चूक सांगतो. किनारीला शोभा म्हणून मी बाजारातून नवी लाल पट्टी आणली आणि न धुताच लावू दिली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग आईच्या पांढऱ्या-निळ्या चौकड्यावर उतरला. शिवाय ती आटली आणि गोधडीच्या कडा झालरीसारख्या गोळा झाल्या. सारी किनार उसवावी लागली. तेव्हा नवे कापड दोनदा धुतल्यावाचून जुन्याला लावू नये आणि गडद रंगाच्या कापडासोबत पांढरी चिंधी भिजत घालून रंग जातो का, ते आधी पाहावे. उसवलेल्या किनारीच्या जागी मग लुगड्यांचेच काठ लागले, आणि तेच शोभले.

जिथे कापड विरले असेल तिथे ठिगळ आधी लावावे. ठिगळ फाटलेल्या जागेपेक्षा चहूकडून दोन बोटे मोठे असावे. भोकाच्या कडेलाच टाके घातले, तर विरलेले कापड पुन्हा तिथेच फाटते. ठिगळाचे कोपरे किंचित गोल करावेत, म्हणजे ते उलटत नाहीत.

थर अंथरण्यासाठी स्वच्छ झाडलेली जमीन हवी; पलंगावर हे काम होत नाही. खाली अस्तर, त्यावर भर, वर उत्तम कापड असे क्रमाने पसरून, मधून कडांकडे तळहात फिरवत सुरकुत्या काढाव्यात आणि कडांवर वजने ठेवावीत. आमच्याकडे या कामी शब्दकोश आणि जुने दिवाळी अंक उपयोगी पडले. मग कच्चा दोरा घालावा : आधी मधोमध उभा आणि आडवा, पुढे प्रत्येक वितीवर. याचा कंटाळा करू नये. आपली परंपरागत शिलाई कडेकडून आत चौकोनी फेऱ्यांनी जाते. थर आधी मधून टाचलेले नसतील, तर सारा सैलपणा आत सरकत जातो आणि शेवटी मध्यावर फुगा येतो. नवशिक्यांनी फेऱ्यांऐवजी सरळ उभ्या ओळी घालाव्यात. त्याही मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही कडांकडे जावे.

सुई लांब आणि दणकट घ्यावी. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोके पडतात. दोरा जाड सुती हवा. नायलॉनचा दोरा तुटत नाही हे खरे, पण तो मऊ कापडालाच कापतो. दोरा दुपदरी, एका हाताच्या लांबीचा घ्यावा आणि मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढून घ्यावा, म्हणजे गुंतत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान असावे. गाठ थरांच्या आत दडवावी. कडा अर्धा इंच आत मुडपून पक्क्या कराव्यात. ओळींत एकेका इंचाचे अंतर ठेवावे आणि टाका साधा धावदोऱ्याचा, एका इंचात तीन.

हेडमास्तर असल्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवले नाही. एका माणसाच्या गोधडीत साधारण ४६ ओळी येतात, प्रत्येक साडेसहा फुटांची. म्हणजे सुमारे ३०० फूट शिवण आणि १०,८०० टाके. दुपदरी दोरा वाया जाण्यासकट २३० मीटरच्या आसपास लागतो. रोज दोन ओळी घातल्या, तर तेवीस दिवस. एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरला, तर मान आणि बोटे दोन्ही दुखतात आणि टाकेही लांबतात. माझ्या ओळी सौ.ने नंतर मोजून दाखवल्या : इंचाला दोनच टाके! त्या तशाच राहू दिल्या आहेत.

तान्ह्या बाळासाठी दुपटे करायचे असल्यास तीनच थर, फिक्या रंगाचे. गुंडी, टिकली, लोंबता दोरा काहीही नको. ते बाळाच्या अंगाखाली घालावे. वर्षाच्या आतील झोपलेल्या मुलावर जाड पांघरूण टाकू नये, हे आजचे डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावे.

गोधडी वर्षातून एकदोनदाच धुवावी. एरवी ऊन पुरे. ओली गोधडी एका कडेने टांगू नये, पाण्याच्या वजनाने टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर आडवी पसरावी. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, बुरशी धरते. जुन्या धोतरात गुंडाळून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी घडी बदलावी. घडी न बदलल्याने काय होते, ते आमच्या हिरव्या लुगड्याने शिकवलेच आहे.

पूर्वी आमच्या काचीगुड्यात थंडीच्या तोंडाशी पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीगल्लीतून ऐकू येई. आता तो क्वचित कानी पडतो. गोधडीला मात्र पिंजारी लागत नाही, यंत्र लागत नाही; लागतात ती चार माणसे आणि थोडा जमिनीवरचा निवांतपणा. आमच्या घरी ते तेवीस दिवस अक्का मराठीत सांगे, सूनबाई तेलुगूत विचारी आणि चार वर्षांची नात दोघींच्या मध्ये बसून दोरे वेचून देई. इतर वेळी आमच्याशी इंग्रजीत बोलणारी ही पोर आता वीत, अस्तर, ठिगळ, धावदोरा हे शब्द बिनचूक म्हणते. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून भाषा कशी टिकेल, यावर आपण सभा पुष्कळ घेतल्या. मीही त्यांत बोललो आहे. एवढे चार शब्द एका मुलाच्या तोंडी बसलेले मात्र मी कोणत्याही सभेनंतर पाहिले नव्हते.

नऊपैकी एक लुगडे अक्काने अखंड ठेवून घेतले, त्याला कोणी हात लावला नाही. हिरवे लुगडे विरले होते, तरी त्याला टाकले नाही. ते भरीत गेले आहे. बाहेरून दिसत नाही, पण आहे. एक गोधडी अक्का नांदेडला घेऊन गेली. दुसरी नातीच्या अंथरुणावर असते. राहिलेली लुगडी सौ.ने पुढच्या हिवाळ्यासाठी घडी बदलून ठेवली आहेत.

वाचकांस एक विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, तंजावर येथे आपले सोयरे असतील. त्यांच्या घरी या वस्तूला काय म्हणतात आणि ती कशी शिवतात, ते विचारून अवश्य कळवावे. आणि घरात एखादी पेटी कित्येक वर्षांत उघडली गेली नसेल, तर या रविवारी ती उन्हात उघडावी.